मुका खांब

डेन्झिलनं भिंतीवर चपटा टीव्ही लावला
आणि रुजायमावशीच्या रुमालाला
बसायला जागाच उरली नाही.

बावीस वर्षं तो जुन्या टीव्हीच्या डोक्यावर होता.
दोन मोर, मधे फुलदाणी,
पुढं लोंबणारी झालर, जी बातम्यांच्या वेळी
बोलणाऱ्याच्या कपाळावर यायची
आणि आमच्यातलं कुणीच ती वर सारत नसे.

यंदा नाताळाच्या आधी मी त्याचं टोक शोधलं.
शेवटची गाठ सापडायला अर्धा तास गेला.
मग आधी झालर,
मग एकेका ओळीनं दोन्ही मोर,
पायांकडून, बरोबरीनं,
मलप्रभेत उतरावं तसे.

उसवलेला दोरा सरळ होत नाही.
भाताच्या वाफेवर धरला,
खुर्चीच्या पाठीला गुंडाळून रात्रभर ठेवला,
सकाळी पुन्हा कुरळा.
मधेच एके ठिकाणी पांढऱ्याला पिवळट दोरा जोडलेला,
गाठ राईएवढी.
मावशी सांगायची, त्या दिवशी बंद होता.
कसला बंद, कुणाचा,
ते तिला कधी धड आठवलं नाही.
खानापुरातनं गाडी सुटली नाही,
शहापूरची दुकानं उघडली नाहीत, एवढंच.
आणि ती काही दोऱ्यासाठी थांबणारी बाई नव्हती.

सहा साखळ्या, गोल जोडायचा.
तीन साखळ्यांचा पहिला खांब,
मग खांब, साखळी, खांब,
आणि टोकापाशी एक मुका खांब,
जो नावालाच खांब,
उभा न राहता नुसता टेकून बसतो.
मला तोच पहिल्यापासून आवडतो.

शेजारची निंगव्वा दुपारी उंबऱ्यावर येते,
शेंगा फोडता फोडता माझ्या सुईकडं बघते
आणि माझ्यासाठी मोजते.
मी तीन म्हणते, ती मूरु म्हणते,
आणि माझं बोट ते चार समजतं.
अशानं एका ताऱ्याला सात टोकं आली.
"अक्का, एक जास्त झालं की."
झालं खरं.
उसवायला घेतला तर तिनं हातातनं काढूनच घेतला.
"राहू दे की. थंडी किती हाय,
त्यालाबी एक हात जास्त लागला असंल."

साखरेच्या पाकात बुडवून
उशीवर टाचण्या मारून वाळवले एकोणीस तारे,
चार घंटा, एक देवदूत.
देवदूताची मान लुळी.
दुसऱ्या दिवशी उशीपासून खिडकीपर्यंत मुंग्यांची रांग.
मावशी साबुदाण्याची खळ करायची.
का करायची, ते आता कळलं.
मुंग्या झटकल्या, तरी दोन-चार आतच राहिल्या,
खांबाखांबांतनं फिरत,
नव्या घरात भाडेकरू फिरतात तशा.

सुरूची फांदी तेलाच्या डब्यात रोवली,
डब्यात नदीची वाळू.
पुढच्या बाजूला चांगले तारे,
मागं वाकडे.
पिवळट दोरा देवदूताच्या पोटात गेला,
राईएवढ्या गाठीसकट,
आणि का कोण जाणे, त्यानंच तो थोडा ताठ बसला.
सात टोकांचा निंगव्वानं नेला.
तिच्या घरी मीटरच्या खिळ्याला
किल्ल्यांबरोबर लटकतोय.
लाइट गेली की चाचपडताना
आधी तोच हाताला लागतो म्हणे.

रात्री डेन्झिलचा फोन आला, टीव्ही कसा चालतोय.
लावून बघितला.
बातम्या.
बोलणाऱ्याचं कपाळ आता उघडं.
केवढं मोठं आहे ते.
बावीस वर्षं आम्हाला पत्ताच नव्हता.